जुन्या चित्रफितींचे रूपांतर : अडचणी, कारणे आणि उपाय



कोडोली येथील एका कुटुंबाने काही महिन्यांपूर्वी आम्हांस घरी बोलावले होते. निमित्त होते पतिपत्नींच्या विवाहाच्या तिसाव्या वाढदिवसाचे. मिस्सा झाल्यानंतर अंगणात पडदा लावून लग्नाची चित्रफीत सर्वांना दाखवावी, असा मुलांचा बेत होता. पडद्यावर चित्र आले खरे. परंतु माणसांचे चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळलेले, बोलणे एकीकडे व ओठ दुसरीकडे, आणि बाराव्या मिनिटाला सारेच थांबले. थोरला मुलगा ओशाळून म्हणाला, “फादर, सात वेळा कन्व्हर्ट केलं. दरवेळी काहीतरी नवीनच बिघडतं.” त्याची आई बराच वेळ गप्प होती. मग ती एवढेच बोलली, “हळदीच्या दिवशी आत्याबाईंनी म्हटलेली गाणी ह्यातच आहेत. त्यांचा आवाज दुसरीकडं कुठंच नाही.”

ही अडचण एका घरची नाही. विवाह, बाप्तिस्मा, प्रथम कम्युनियन, चर्चचा सण अशा प्रसंगांच्या कॅसेटी आणि तबकड्या आपल्या अनेक कुटुंबांत व धर्मग्रामांत कपाटात पडून आहेत. त्या मोबाईलवर किंवा टीव्हीवर पाहता याव्यात म्हणून तरुण मंडळी इंटरनेटवरून एखादे सॉफ्टवेअर उतरवून घेतात, बटण दाबतात, आणि काही चुकले की पुन्हा बटण दाबतात. आम्ही तंत्रज्ञ नाही. परंतु चित्रफिती हाताळताना ज्या चुका आमच्या हातून झाल्या त्यांतून काही गोष्टी शिकावयास मिळाल्या. त्या येथे क्रमाने मांडत आहोत. सर्वांचे सार एकच आहे : आधी निदान, मग रूपांतर, आणि मूळ प्रत कोणत्याही परिस्थितीत पुसू नये.

डबा वेगळा, आतील पदार्थ वेगळा

बहुतेक घोटाळ्यांचे मूळ एका गैरसमजात असते. फाईलच्या नावापुढे एमपी-४, एव्हीआय, एमकेव्ही किंवा एमओव्ही अशी जी अक्षरे असतात, त्यांवरून फाईल ‘कोणत्या प्रकारची’ आहे ते कळते असे आपण समजतो. वस्तुतः ही अक्षरे केवळ डब्याचे नाव सांगतात. स्वयंपाकघरातील एकाच प्रकारच्या डब्यात कधी तिखट असते, कधी साखर; तसेच हे आहे. एमपी-४ या एकाच डब्यात वेगवेगळ्या पद्धतींनी दाबून बसवलेले चित्र असू शकते. चित्र व आवाज दाबून लहान करण्याच्या आणि पाहताना पुन्हा उलगडण्याच्या या पद्धतीला ‘कोडेक’ म्हणतात.

व्हीसीडीमध्ये एमपेग-१ हे कोडेक असते, डीव्हीडीमध्ये सर्वसाधारणपणे एमपेग-२. २००३ साली एच.२६४ हे कोडेक प्रमाण म्हणून स्वीकारले गेले आणि आज जवळजवळ प्रत्येक मोबाईल, टीव्ही व संगणक ते ओळखतो. त्यानंतर २०१३ साली एच.२६५ आले, त्यालाच एचईव्हीसी असेही म्हणतात. ते कमी जागेत तेवढेच चांगले चित्र मावते. परंतु जुन्या टीव्हीला व जुन्या संगणकाला ते वाचता येत नाही. आयफोनमध्ये तर २०१७ पासून चित्रण मुळातच या पद्धतीने होऊ लागले.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. फाईलचे नाव बदलून एव्हीआयच्या जागी एमपी-४ लिहिल्याने काहीही साध्य होत नाही. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून तिखटाची साखर होत नाही.

पहिली परीक्षा

चित्रफीत चालत नसेल तर प्रथम ती व्हीएलसी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहावी. बहुतेक कोडेक व्हीएलसीच्या आतच असतात. त्यामुळे ते संगणकातील इतर गोष्टींवर अवलंबून राहत नाही. तेथे चित्र व आवाज दोन्ही नीट आले, तर फाईल धडधाकट आहे आणि दोष पाहणाऱ्या यंत्राचा आहे, असे समजावे. तेथेही ती अडली, तर फाईलच अपुरी किंवा बिघडलेली आहे. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे, परंतु ती न केल्यामुळे लोक धडधाकट फाईलवर दहा वेळा शस्त्रक्रिया करतात.

व्हीएलसीतील ‘टूल्स’ या यादीत ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडले की चित्राचे कोडेक, आवाजाचे कोडेक, चित्राची लांबीरुंदी आणि दर सेकंदाच्या चौकटींची संख्या दिसते. ही माहिती कागदावर लिहून घ्यावी. डॉक्टर आधी नाडी पाहतात, नंतर औषध लिहितात. तोच क्रम येथेही पाळावा.

लक्षणे, कारणे व उपाय

१. आवाज येतो, पण चित्र काळे. चित्राचे कोडेक त्या यंत्राला ओळखता येत नाही. बहुधा ते एच.२६५ असते. हँडब्रेक या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून चित्रासाठी एच.२६४ निवडावे आणि रूपांतर करावे. इंटरनेटवर मिळणारे निरनिराळे ‘कोडेक पॅक’ संगणकात भरू नयेत. ते एकमेकांशी भांडतात आणि चालणाऱ्या फाईलीही चालेनाशा होतात.

२. चित्र दिसते, पण आवाज नाही. अनेक टीव्हींना एसी-३ किंवा डीटीएस पद्धतीचा आवाज वाचता येत नाही. अशा वेळी केवळ आवाज एएसी पद्धतीत बदलावा. चित्राला हात लावू नये. एव्हिडेमक्स या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये चित्रासाठी ‘कॉपी’ आणि आवाजासाठी एएसी असे निवडता येते.

३. ओठ व आवाज यांचा मेळ नाही, आणि फरक हळूहळू वाढत जातो. मोबाईल चित्रण करताना उजेडानुसार दर सेकंदाच्या चौकटींची संख्या कमीजास्त करतो. काही संपादन सॉफ्टवेअर ती संख्या स्थिर धरून चालतात आणि घोटाळा होतो. हँडब्रेकमध्ये ‘व्हिडिओ’ या विभागात ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून रूपांतर करावे. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल, तर केवळ आवाज थोडा मागेपुढे सरकवून काम भागते.

४. हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात. जुन्या टीव्हीचे चित्र दर सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांनी बनत असे : एकदा विषम ओळी, एकदा सम ओळी. संगणक ती दोन्ही अर्धी चित्रे एकदम दाखवतो, म्हणून हलणाऱ्या हाताच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’ विभागात ‘डिइंटरलेस’ निवडल्यास हा दोष जातो.

५. माणसे आडवी फुगलेली दिसतात. जुन्या चित्रफितींचे प्रमाण ४ : ३ असे असते. ते ओढून १६ : ९ केले की नवरदेव रुंद होतो. प्रमाण ४ : ३ च ठेवावे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्याव्यात.

६. मोठी फाईल पेनड्राइव्हवर जात नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने बांधलेला असेल, तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. मग पेनड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा. फॉरमॅट करण्यापूर्वी त्यावरील सर्व काही दुसरीकडे उतरवून घ्यावे, आणि आपला टीव्ही ही पद्धत ओळखतो ना, हेही पाहावे.

७. रूपांतर मध्येच थांबते. कारणे साधी असतात : संगणकात जागा उरलेली नाही, किंवा जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरीतील लांबलचक नाव वाचता येत नाही. फाईलला रोमन लिपीत लहान नाव द्यावे आणि जागा मोकळी करावी. वेग वाढावा म्हणून ग्राफिक्स कार्डाद्वारे रूपांतर करण्याचा पर्याय निवडला असेल, तर तो सोडून साधा एक्स-२६४ निवडून पाहावे. उन्हाळ्यात लॅपटॉप तापून बंद पडतो, हेही आम्ही अनुभवले आहे; तो गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि काम रात्री लावावे.

८. फाईल भली मोठी आहे, परंतु उघडतच नाही. पुष्कळ कॅमेरे एमपी-४ फाईलची अनुक्रमणिका चित्रण संपल्यावर शेवटी लिहितात. मध्येच वीज गेली किंवा बॅटरी संपली, तर चित्र नोंदलेले असते, पण ते कोठे आहे हे सांगणारे पान नसते. अशी फाईल टाकून देऊ नये. त्याच कॅमेऱ्याने, त्याच पद्धतीने घेतलेली दुसरी चांगली फाईल हाताशी असेल, तर तिच्या आधारे ‘अनट्रंक’सारखे सॉफ्टवेअर हरवलेली अनुक्रमणिका पुष्कळदा पुन्हा बांधू शकते.

सॉफ्टवेअर नेहमी त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. मे २०१७ मध्ये काही दिवस हँडब्रेकच्या एका डाऊनलोड सर्व्हरवरील मॅक संगणकांसाठीची प्रत बदलून तेथे घातक प्रोग्रॅम ठेवण्यात आला होता. चांगल्या सॉफ्टवेअरबाबतही असे घडू शकते. मग अनोळखी ठिकाणांची गोष्टच नको.

कॅसेट, व्हीसीडी व डीव्हीडी

जुन्या वस्तूंवरून चित्र उतरवताना आणखी काही अडचणी येतात.

व्हीएचएस कॅसेट संगणकात घेण्यासाठी व्हीसीआर आणि यूएसबीला जोडायचे एक लहान उपकरण लागते. चित्र काळेपांढरे दिसले किंवा सतत वर सरकू लागले, तर कॅसेट खराब झाली असे लगेच समजू नये. उपकरणासोबतचे सॉफ्टवेअर पुष्कळदा अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीवर ठेवलेले असते. आपल्याकडील कॅसेटी पाल पद्धतीच्या आहेत : ६२५ ओळी व दर सेकंदाला २५ चौकटी. एवढी एक निवड बदलताच रंग परत येतात. परंतु कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरी पूड दिसली, तर ती बुरशी होय. कोल्हापूरकडील पावसाळ्यात ती सहज धरते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. फीत तुटते आणि यंत्रही खराब होते. आधी ती जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

व्हीसीडीवरील चित्र डॅट या नावाच्या फाईलीत असते. आत मात्र साधे एमपेग-१ असते आणि व्हीएलसी ते थेट दाखवते. डीव्हीडीतील चित्र व्हॉब नावाच्या सुमारे एक-एक जीबीच्या तुकड्यांत विभागलेले असते. प्रत्येक तुकड्याचे वेगळे रूपांतर केले की सांध्यावर आवाज तुटतो. यास्तव व्हिडिओ-टीएस हे संपूर्ण फोल्डरच हँडब्रेकला द्यावे. तुकडे कसे जोडायचे ते त्याला कळते. त्यातील ‘५७६पी२५’ ही तयार मांडणी आपल्याकडील डीव्हीडींना योग्य ठरते. चित्राची गुणवत्ता ठरवणारा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवावा. तो जितका लहान, तितके चित्र चांगले आणि फाईल मोठी.

उसाचा रस आणि गुळाची ढेप

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. कोडोलीच्या वाचकांना तो समजावण्यासाठी दूर जावयास नको. उसाच्या रसाची काकवी होते, काकवीचा गूळ होतो. परंतु गुळाची ढेप पाण्यात विरघळवली म्हणून ताजा रस परत मिळत नाही. चित्रफितीचे असेच आहे. प्रत्येक रूपांतरात डोळ्याला सहज न जाणवणारा काही भाग टाकून दिला जातो, आणि टाकलेला भाग पुढील कोणत्याही रूपांतरात परत येत नाही. पुढचे रूपांतर उरलेल्यातून आणखी टाकते.

डीव्हीडीवर पाल पद्धतीचे चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते, तर व्हीसीडीवर ३५२ × २८८ बिंदूंचे, म्हणजे सुमारे एकचतुर्थांश. कॅसेटवरून व्हीसीडी केली त्या दिवशीच बरेच काही गेले. ती व्हीसीडी मोबाईलसाठी आणखी दाबली, मग व्हॉट्सॲपवरून पाठवली, तेव्हा व्हॉट्सॲपने ती पुन्हा दाबली. शेवटी चेहऱ्यांचे चौकोन उरले. व्हॉट्सॲपवरून पाठवायचेच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. त्या मार्गाने २ जीबीपर्यंतची फाईल जशीच्या तशी जाते.

फाईलचा आकार किती होईल, याचा हिशेबही सोपा आहे. दर सेकंदाला २ मेगाबिट अशी निवड केली, तर एका तासाचे ३,६०० सेकंद म्हणजे ७,२०० मेगाबिट. त्याला ८ ने भागले की ९०० मेगाबाइट. यापेक्षा निम्म्या आकाराची फाईल हवी असेल, तर चित्राला निम्मेच अन्न मिळणार. सॉफ्टवेअर जादू करू शकत नाही.

आणि जेथे केवळ डबा बदलायचा आहे, उदाहरणार्थ एमकेव्हीमधील एच.२६४ चित्र एमपी-४ मध्ये हवे आहे, तेथे रूपांतर करूच नये. एव्हिडेमक्समध्ये चित्र व आवाज दोहोंसाठी ‘कॉपी’ निवडावे. काम थोड्याच वेळात होते आणि चित्रातील काहीही गमावत नाही. हँडब्रेकला हे जमत नाही. ते चित्र प्रत्येक वेळी नव्याने दाबते.

कोल्हापूरचा धडा

चित्रपटांच्या इतिहासात कोल्हापूरचे नाव मोठे आहे, आणि त्यात आपल्यासाठी एक इशाराही आहे. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तो चित्रपट आज पाहावयास मिळत नाही. १९२९ साली कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि १९३३ साली ती पुण्याला गेली. तिचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ मात्र आजही पाहता येतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि चित्रपट संग्रहालयाची जुनी नायट्रेट रिळे त्यात जळाली. तरीही ‘संत तुकाराम’ आपल्यापर्यंत पोहोचला, कारण त्याच्या प्रती अन्यत्र होत्या. एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसल्यासारखेच आहे.

कोडोलीच्या शेजारचे उदाहरणही बोलके आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावे संगणकाने जोडण्याचा ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. पुढे काही गावांत ऊस उत्पादकांची माहिती देण्याघेण्याचे तेच काम संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या एसएमएसवरून करण्याचा प्रयोग झाला. यंत्र बदलले, शेतकऱ्याच्या उसाची नोंद कायम राहिली. चित्रफितींबाबत आपणांस हेच करावयाचे आहे. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबवले. नवे व्हीसीआर बनवणारी ती अखेरची कंपनी मानली जात होती. आज जे जुने व्हीसीआर चालू आहेत, ते बंद पडण्यापूर्वी कॅसेटींतील चित्र पुढे न्यावयास हवे.

कोडोलीत पुढे काय झाले

त्या सायंकाळी आम्ही मुलास विचारले, “तू कोणत्या फाईलवरून रूपांतर केलेस?” ती व्हॉट्सॲपवर मावशीकडून आलेली फाईल होती. तिच्या आधी व्हीसीडी होती, आणि व्हीसीडीच्या आधी कॅसेट. “कॅसेट टाकून दिली असेल,” असे वडील म्हणाले. आई उठून आत गेली. लोखंडी ट्रंकेत, लग्नाच्या शालूखाली, ती निघाली. कडेला पांढरी पूड होती, म्हणून त्या दिवशी आम्ही ती चालवू दिली नाही. मुलांना ते आवडले नाही. पाहुणे जमलेले होते.

तीन आठवड्यांनी एका जाणकाराने कॅसेट स्वच्छ करून चालवली आणि पाल पद्धतीने संगणकात उतरवली. सर्व काही मिळाले नाही. चर्चमधून बाहेर पडतानाचा काही भाग कायमचा गेला आहे, आणि बऱ्याच ठिकाणी चित्र फाटते. परंतु हळदीचा प्रसंग शाबूत आहे. आत्याबाई जात्याशेजारी बसल्या आहेत, डोक्यावरचा पदर सावरीत गात आहेत, आणि आवाज स्वच्छ आहे. संगणकात उतरवलेली ती मोठी फाईल आता दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहे : एक कोडोलीत, एक पुण्यात धाकट्या मुलाकडे. मोबाईलसाठी तिच्यावरून लहान प्रत केली आहे. कॅसेटही जपून ठेवली आहे.

आमची वाचकांना विनंती आहे की, या पावसाळ्यापूर्वी आपापल्या घरातील कपाटे व ट्रंका उघडून पाहाव्यात. कॅसेटींवर प्रसंग व वर्ष लिहावे. धर्मग्रामातील युवकांनी वृद्धांच्या घरी जाऊन या कामात हात द्यावा. रूपांतर फसले तर निराश होऊ नये. मूळ प्रत हाती असेल तोवर काहीही बिघडलेले नाही. मात्र ‘आता मोबाईलमध्ये आले आहे’ असे म्हणून ती मूळ प्रत कोणी भंगारात देत असेल, तर त्यास अवश्य थांबवावे.